उजव्या बाजूचा पत्रा

गाडीचं काय करायचं हे विचारायला कंपनीचा शिपाई आला, तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, म्हणून ताट मांडीवर तिरकं धरून उजव्या हाताच्या बोटानं एकेक खडा काठाकडे सारत होते. ह्यांना जाऊन सतरा दिवस झाले होते. दिवसवार आटोपून पाहुणे आपापल्या गावी परतले होते. घरात मी, मामंजी आणि मला सोबत म्हणून थांबलेल्या वन्सं, एवढेच उरलो होतो.

शिपाई व्हरांड्याच्या पायरीवरच उभा राहिला. मामंजींना म्हणाला, "साहेबांची गाडी कॅम्प पाचमध्ये एका सिंधी मिस्त्रीच्या शेडमध्ये ठेवलीय. पंचनामा झाला, पोलिसांचं काम संपलं. मिस्त्री विचारतोय, मोडीत द्यायची का?"

"देऊन टाक म्हणावं," मामंजी म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

मी आतून म्हटलं, "मला एकदा बघायचीय."

वन्सं स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मामंजी शिपायाला म्हणाले, "उद्या येतो म्हणून सांग."

मला का बघायची होती, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. आजही येत नाही.

आम्ही अंबरनाथला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. हे तिथे ऑफिसर होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती. गाडी ह्यांनी आदल्या वर्षी घेतली होती, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून. राखी रंगाची, छोटी, चार दारांची. रविवारी सकाळी हे ती स्वतः धूत असत आणि शेजारची मंडळी गॅलरीत उभी राहून बघत असत. मामंजी शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी बदलापूरजवळ जमिनीचा एक तुकडा घेतला होता आणि तिथे विहीर खणायला लावली होती. पौषातल्या एका रविवारी निरोप आला की विहिरीला पाणी लागलं.

मामंजी म्हणाले, "आजच जाऊन बघून या दोघं."

हे म्हणाले, "पुढच्या रविवारी गेलो तर? आज मला जरा झोपायचं होतं."

"पाणी लागलंय रे. आजच जा. माझा गुडघा बरा असता तर मीच गेलो असतो."

म्हणून गेलो. विहिरीत गुडघाभर गढूळ पाणी होतं. खणणारे खूश होते, त्यांनी आम्हाला गूळ दिला. परत निघालो तेव्हा तीन वाजले असतील. रस्त्यात ओढ्यावर एक अरुंद मोरी होती, दोन्ही बाजूंना दगडी कठडे. हे सांगत होते की विहिरीच्या काठाला फणस लावायचा नाही, आंबा लावू, फणसाची मुळं... आणि समोरून ट्रक आला. वांगणीकडच्या गवताच्या गाठी मुंबईला पोचवणारा ट्रक होता, रिकामा परत चालला होता, त्यामुळे वेगात होता. एवढं नंतर कळलं. मला आवाज आठवतो. तो मोठा नव्हता. कुणीतरी भरलेलं कपाट ढकलून द्यावं तसा होता.

कल्याणच्या हॉस्पिटलात माझ्या मनगटाला प्लास्टर घालत असताना डॉक्टरांनी मला सांगितलं. मी म्हटलं, "बरं." हे माझ्या तोंडून गेलेलं "बरं" पुढे बरेच दिवस माझ्या लक्षात राहिलं. डॉक्टरांनाही राहिलं असेल.

घरी भेटायला येणाऱ्या बायका माझ्याजवळ बसून रडत आणि मधूनमधून माझ्या तोंडाकडे बघत. वन्सं रोज म्हणत, "अगं, एकदा मोठ्यानं रडून घे. असं कोंडून ठेवू नये." मला कोंडल्यासारखं वाटत नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं. जेवायला वाढलं की जेवत होते, पांघरूण घातलं की झोपत होते. फक्त प्लास्टरच्या आत खाज सुटे, तेवढी जाणवायची.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामंजी कॅम्प पाचला गेलो. क्वार्टरपासून चालत अर्ध्या तासाचा रस्ता. मामंजींचा गुडघा दुखरा म्हणून टांगा केला. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना दिलेल्या लष्कराच्या लांबच लांब बराकी, एकेका बराकीत गोणपाटाचे आणि पत्र्याचे आडोसे करून वीस-वीस घरं. दारापुढच्या खाटांवर पापड वाळत घातलेले. एका बराकीच्या टोकाला पत्र्याची शेड होती, तिच्यात मिस्त्री काम करत होते. पन्नाशीचे, उंच, पायजमा आणि बंडी, चष्म्याच्या काड्यांना सुतळी बांधून ती डोक्यामागे गाठवलेली. सिंधमध्ये त्यांचं मोटारींचंच काम होतं, असं शिपाई म्हणाला होता.

गाडी कोपऱ्यात होती. डावीकडून बघितली तर तिला काहीच झालं नव्हतं. मी डावीकडूनच आले होते आणि क्षणभर वाटलं, ही दुसऱ्याची. मग मी पुढून फिरून उजवीकडे गेले.

पुढचं मडगार्ड चाकावर चुरगळून बसलं होतं. ड्रायव्हरचं दार आत दबून मधल्या खांबात घुसलं होतं आणि खांब सीटकडे वाकला होता. दाराखालचा पत्रा चिरून त्याची कड वर आली होती. टपाची कडा एका जागी खचली होती. सीटवर कुणीतरी गोणपाट टाकलं होतं. कुणी टाकलं ते मी विचारलं नाही.

मामंजी शेडच्या बाहेरच थांबले होते. ते आत आले नाहीत.

मिस्त्रींनी मला ओळखलं असावं. ते हातोडा खाली ठेवून उभे राहिले. म्हणाले, "मोडीवाला कल आयेगा, बाईसाब. अंदर कुछ सामान होगा तो निकाल लो."

मी विचारलं, "ही दुरुस्त होईल का?"

"दुरुस्त?" त्यांनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "होने को सब होता है. चासी सीधी है, इंजन को कुछ नहीं हुआ. लेकिन ये पूरी साइड काटनी पड़ेगी. दार आणि मडगार्ड मुंबईला मोडीच्या बाजारात मिळेल. बाकी नया पत्रा लगाना पड़ेगा. दो महिना."

"मग करा," मी म्हटलं.

ते बाहेर मामंजींकडे गेले. मला वाटलं, मामंजी नाही म्हणतील. मी आतून त्यांचं बोलणं ऐकत होते. मामंजी म्हणाले, "ती म्हणते तसं करा." घरी वन्सं मात्र कडाडल्या. "तुम्ही तरी सांगायचं बाबा! ज्या गाडीत तो गेला, ती नीट करून काय दारात उभी करायचीय?" मामंजी म्हणाले, "जाऊ दे तिला." वन्संनी विचारलं, "कुठे जाऊ दे?" तेव्हा मी म्हटलं, "उद्यापासून मी काम बघायला जाणार आहे."

आणि मी गेले. सकाळचा स्वयंपाक उरकला की चालत निघायचं, दुपारी चारपर्यंत परत. पांढऱ्या कपाळानं, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून, महिनाही झालेला नसताना. क्वार्टर्समध्ये बोललं जायचं ते माझ्या कानावर येत होतं. ते लागायला हवं होतं, पण लागत नव्हतं.

शेडमध्ये मिस्त्रींनी मला एक लाकडी खोकं दिलं बसायला. पहिल्या दिवशी त्यांच्या बायकोनं बराकीतल्या खोलीतून भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला आणून दिला. पाहुण्याला आधी पापड-पाणी द्यायची त्यांची पद्धत. ती माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी असेल, पण मला "अदी" म्हणायची. अदी म्हणजे ताई. मग मिस्त्रीही अदी म्हणायला लागले. ती माझ्याजवळ बसून रडली नाही. मी प्लास्टरच्या कडेत बोट घालायचा प्रयत्न करत होते ते बघून ती आत गेली आणि क्रोशाची एक लांब सुई घेऊन आली. "धीरे से," म्हणाली. ती सुई आत घालून मी खाजवलं, तेव्हा डोळे मिटले गेले. इतक्या दिवसांत बरं वाटलं असं ते पहिलंच.

आधी काढायचं काम झालं. मिस्त्रींनी दाराच्या बिजागऱ्या सोडवल्या, पण दार निघेना, ते खांबात रुतलं होतं. मग खांब करवतीनं कापला, वर टपाच्या जरा खाली आणि खाली तळपत्र्याच्या जरा वर. खडूनं रेघ मारायची, करवत चालवायची, जिथे करवत जात नाही तिथे छिन्नी. पत्रा कापताना एक बारीक किंचाळल्यासारखा आवाज होतो, तो दिवसभर चालू असे. मी ऐकत बसे. एकेक तुकडा निघाला की ते तो भिंतीशी ठेवत, फेकून देत नसत. "क्यों रखते हो?" मी विचारलं. "देखने के वास्ते. वाकला कसा, ते कळतं. जसा वाकला त्याच्या उलटं करायचं."

चौथ्या-पाचव्या दिवशी उजवी बाजू उघडी झाली. मडगार्ड नाही, दार नाही, मधला खांब नाही. टप पडू नये म्हणून खाली सागाचा एक टेकू लावलेला. आत सीट, गोणपाट, सगळं उघड्यावर. मी खोक्यावर बसून ते बघत होते आणि घरी जाताना दोडकी घ्यायची आहेत, एवढंच मनात होतं.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री मुंबईला जाऊन तसल्याच गाडीचं दार आणि मडगार्ड घेऊन आले. ते हिरवे होते. खांब आणि खालचा पत्रा मात्र तिथे मिळाला नाही, म्हणून तो त्यांनी सपाट पत्र्यातून घडवला. पोत्यात वाळू भरून त्यावर पत्रा ठेवायचा आणि लाकडी मोगरीनं ठोकत ठोकत त्याला गोलाई आणायची. मग गॅसची बत्ती. कार्बाइडच्या टाकीचा वास सगळीकडे भरून राही. सांधा जोडताना आसपासचा पत्रा तापून लाटा पडू नयेत म्हणून ते भोवती ओली फडकी रचत, आणि जोडही सलग लावत नसत. एक टिपका इथे, एक हातभर लांब तिथे, मग पुन्हा इकडे. मी कच्चा धावदोरा घालते तसं.

खांब बसला, खालचा पत्रा बसला. हिरवं दार लावून बघितलं. ते लागलं, पण मिस्त्रींना खांद्यानं दाबावं लागलं.

मी म्हटलं, "मिस्त्री, ह्या बाजूचा टप त्या बाजूपेक्षा वर दिसतोय."

"नहीं, अदी. बराबर है."

"पाठीमागून बघा. उजवा खांब जास्त उभा आहे. डावा जरा मागे झुकतो."

त्यांनी चष्मा वर केला. ते चिडले होते. "अदी, मैं पच्चीस साल से ये काम कर रहा हूँ. आँख से मापता हूँ. आप बैठो."

मी बसले. ते दिवसभर माझ्याकडे पाठ करून ठोकत राहिले. मला त्याचंही काही वाटलं नाही. जे दिसलं ते मी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेले तर खांब कापून खाली ठेवलेला होता. आठ दिवसांचं काम. मिस्त्री उकिडवे बसून विडी ओढत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधा इंच." मग थोड्या वेळानं, "आपको कैसे दिखा?"

मी म्हटलं, "मी कपडे शिवते. एक बाही वर चढली तर लगेच दिसतं." मग मीच विचारलं, "तुम्ही डाव्या बाजूचा कागद का नाही कापत?"

"कौन सा कागद?"

मला मराठीत जे सांगता येत नव्हतं ते हिंदीत कुठून सांगणार! मी त्यांच्या बायकोला हाक मारली, कात्री आणि जुनी वर्तमानपत्रं मागितली. दोन-दोन कागद खळीनं एकावर एक चिकटवून उन्हात वाळवले. सिंधी वर्तमानपत्र होतं, उजवीकडून डावीकडे वाचायचं, मला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. तो जाड कागद गाडीच्या डाव्या, चांगल्या बाजूच्या खांबावर दाबून धरायला मिस्त्रींना सांगितलं आणि मी कोळशानं त्यावर घासत गेले. खाली जिथे कड होती, तिथे काळी रेघ उमटली. मग प्लास्टरमधल्या हातानं कागद दाबून धरून उजव्या हातानं कात्री चालवली. खांबाचा एक, दाराखालच्या पत्र्याचे दोन, टपाच्या कडेचा एक. कापून झाल्यावर सगळे उलटे केले आणि मिस्त्रींच्या हातात दिले.

"डावी बाही कापली की तीच उलटी ठेवून उजवी कापायची," मी म्हटलं.

त्यांनी तो खांबाचा कागद उजवीकडे रिकाम्या जागेत धरून बघितला. बराच वेळ धरून ठेवला. "अड़े," ते बायकोला म्हणाले आणि सिंधीत काहीतरी बोलले. ती हसली. मी तिला विचारलं काय म्हणाले. "कहता है, पच्चीस साल में किसी ने नहीं बताया."

त्या कागदांवरून दुसऱ्यांदा काम झालं. ह्या वेळी खांब नुसता टिपक्यांवर बसवून त्यांनी आधी दार अडकवलं, मग मला म्हणाले, "अदी, एक बात बोलूँ? आप थोड़ा अंदर बैठोगी? ड्रायवर की जगह. आदमी बैठता है तो गाड़ी झुकती है, दार नीचे आता है. मैं बाहर से देखूँगा." आणि लगेच म्हणाले, "नहीं तो रहने दो. मैं किसी को बुलाता हूँ."

"बसते," मी म्हटलं.

मी गोणपाटावर बसले. त्यांनी दार लावलं. ह्या वेळी ते न दाबता लागलं, कुलपात जीभ बसल्याचा आवाज आला. आत कार्बाइडचा आणि जळक्या रंगाचा वास होता. ह्या बाजूला मी कधी बसले नव्हते. इथून बॉनेट जास्त लांब दिसत होतं. मिस्त्री बाहेरून दाराच्या फटीत एक पातळ काडी वरपासून खालपर्यंत फिरवत होते. सगळीकडे ती सारखीच जात होती.

तिथेच ते म्हणाले. बोलायचं ठरवून नव्हे, काडी फिरवता फिरवता. "एक बात मैंने देखी थी, अदी, जब गाड़ी आई. डाव्या बाजूला एक ओरखडा नाही. उधर पुल की दीवार थी ना?"

"होती."

"ट्रक सामने से आए तो आदमी का हाथ अपने आप बाएँ घुमाता है. बाएँ घुमाते तो दीवार. आपकी साइड." त्यांनी भिंतीशी ठेवलेल्या मडगार्डकडे बोट केलं. "ते मडगार्ड बघा, त्यात चाकाचा ठसा सरळ उमटलाय. स्टेअरिंग सीधा पकड़ के रखा था. चाकही सरळ होतं."

मी विचारलं, "म्हणजे त्यांनी मुद्दाम?"

"वो मैं नहीं बोल सकता. इतना टैम किसको मिलता है. पत्रा जितना बोलता है उतना मैं बोलता हूँ."

मी "बरं" म्हटलं. मग दार उघडून बाहेर आले आणि खोक्यावर जाऊन बसले. मी वाट बघत होते की आता काहीतरी होईल. छातीत काहीतरी येईल. मिस्त्रींनी बत्ती पेटवली, ओली फडकी रचली आणि खांब पक्का करायला घेतला. वाफेचा चर्र आवाज होत होता. मी तो बघत राहिले. चार वाजले तेव्हा उठले.

घरी जाऊन मी मामंजींना ते सांगितलं. हात-पाय धुतले, त्यांना चहा दिला आणि मिस्त्री बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. एखादी बातमी सांगावी तसं.

मामंजींच्या हातातली बशी कलली आणि चहा धोतरावर सांडला. गरम होता. ते हलले नाहीत.

"त्याला झोपायचं होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, आजच जा. पाणी काय पळून जाणार होतं? सांग ना, पळून जाणार होतं का?"

मग ते रडले. मामंजींना मी कधी रडताना बघितलं नव्हतं, अग्नी देतानाही नाही. लहान मूल रडतं तसे तोंड उघडून रडले. वन्सं धावत आल्या, त्याही रडायला लागल्या. मी उठून फडकं आणलं आणि त्यांच्या धोतरावरचा चहा टिपला. मग त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सून सासऱ्याच्या पाठीवर हात ठेवत नाही, पण त्या वेळी ते कुणालाच सुचलं नाही. मला त्यांच्या पाठीच्या मणक्यांची हाडं हाताला लागत होती. मी तोंडानं म्हटलं, "मामंजी, तुम्ही मुद्दाम नाही पाठवलं." ते खरं होतं आणि मला तसंच वाटत होतं. पण म्हणताना आवाज माझा नसल्यासारखा येत होता.

त्या दिवसापासून ते माझ्याबरोबर शेडमध्ये यायला लागले. रोज नाही, गुडघा बरा असेल तेव्हा. आता ते आत येत. मिस्त्रींचं आणि त्यांचं चांगलं जमलं. मिस्त्री सांध्यांवर शिसं वितळवून भरत आणि मग मोठ्या कानशीनं घासून सारखं करत. मामंजी डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवत आणि कुठे उंचवटा लागला तर "इथे" म्हणत. मिस्त्री म्हणत, "मास्टरजी का हाथ अच्छा है." दोघंही डोळे मिटूनच तपासत. हाताला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही म्हणे.

माझं प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. रंगाआधी सीटचा प्रश्न आला. मिस्त्रींनी गोणपाट काढलं आणि म्हणाले, "अदी, ये कवर बदलना पड़ेगा. कल्याण में एक आदमी है."

"मी शिवते," मी म्हटलं.

जुनं कव्हर उसवून काढायला मला एक दिवस लागला. डाग वाळून कडक झाले होते, त्यामुळे तिथली शिवण कात्रीनं निघत नव्हती, ब्लेडनं काढावी लागली. मिस्त्रींची बायको माझ्याजवळ येऊन बसली, तिनंही एक बाजू उसवायला घेतली. तुकडे सुटे झाले, ते मी जमिनीवर पसरले आणि त्यांच्यावरून नवे कागद कापले. मग ते जुने तुकडे तिनं उचलले आणि मला म्हणाली, "मैं जला दूँ?" मी मान हलवली. तिनं बराकीच्या मागे नेऊन जाळले. मी तिकडे गेले नाही. नव्या जाड तपकिरी कापडावर कागद ठेवून खडूनं रेघा मारत बसले.

शिलाई तिच्या मशिनवर केली. कापड इतकं जाड होतं की चाक एकानं हातानं फिरवायचं आणि दुसऱ्यानं कापड सरकवायचं. ती फिरवायची, मी सरकवायचे. तीन सुया मोडल्या.

फाल्गुनात गाडी तयार झाली. पूर्ण गाडीला एकच रंग दिला होता, पूर्वीचाच राखी. मामंजी तिच्या भोवती दोनदा फिरले. उजव्या बाजूला वाकून खांबावर हात फिरवत म्हणाले, "सूनबाई, कुठे जोडलंय?" मी दाखवायला गेले आणि मलाही ती जागा सापडली नाही. मिस्त्री हसले. मीही हसले असेन. मामंजींनी तसं नंतर वन्संना सांगितलं.

गाडी दारात उभी राहिली नाही. बदलापूरला एक डॉक्टर नुकतेच आले होते, त्यांना खेड्यापाड्यांत फिरायला गाडी हवी होती. चामटोलीपासून पलीकडच्या वाड्यांपर्यंत ते तिच्यातून जात. मामंजींनी त्यांना सगळं खरं सांगितलं, कुठून कापली, काय झालं होतं, कोण गेलं. डॉक्टर म्हणाले, "चालते ना? मग झालं." ती गेली त्या दिवशी मी घरात होते. वन्संनी विचारलं, "बघायला नाही येत?" मी म्हटलं, "बघितलीय मी."

क्वार्टर महिन्याभरात सोडायची होती. वन्संना त्यांच्या सासरी जायचं होतं. सगळं आवरून मी आणि मामंजी बदलापुरात दोन खोल्या घेऊन राहणार होतो. त्या गडबडीत एका दुपारी कॅम्प पाचमधून मिस्त्री स्वतः आले. व्हरांड्यात उभे राहिले. बंडीवर स्वच्छ सदरा घातला होता.

"मास्टरजी, अदी से एक काम है." मग माझ्याकडे वळून, "एक वॅन आई है, बारह सीट. कल्याणवाला आदमी कवर ठीक नहीं बनाता, सिलाई उखड़ जाती है. आप करोगी?"

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. बाईमाणसानं, तेही आमच्या घरातल्या, मोटारींच्या शेडमध्ये बसून शिवणकाम करायचं, हे त्यांच्या मनात आलं असणार. माझ्या मनात तेही आलं नाही. मी विचारलं, "कापड कोणतं आहे?"

"वही. जाडा."

"उद्या येते."

पुढे अकरा वर्षं मी बदलापूरहून आगगाडीनं ये-जा करून सीटकव्हरं शिवली. आधी मिस्त्रींच्या बायकोच्या मशिनवर, मग शेडच्या बाजूला आडोसा घालून दोन मशिनं टाकली, त्यातलं एक तिचं, एक माझं. किती गाड्या आल्या गेल्या ते सांगता येणार नाही. पुढून ठोकलेल्या, मागून ठोकलेल्या, नाल्यात गेलेल्या. पलीकडे मिस्त्री पत्रे कापत, अलीकडे आम्ही दोघी कापड कापत असू. कुठल्या सीटवर काय झालं होतं ते आम्ही विचारत नसू. डाग असला तर ती तुकडा उलटा करून माझ्यापुढे ठेवायची, म्हणजे मला आतली बाजू दिसावी. मी त्यावरून कागद कापायचे. ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं, तिनं आपणहून सुरू केलं.

त्या वॅनच्या पहिल्या दिवशी मी चालत कॅम्प पाचला पोचले तेव्हा तिनं जमीन झाडून चटई घातली होती. मी बसले. बारा सीटा, म्हणजे चोवीस पाठी-बैठका, प्रत्येकीला चार बाजू. मी बोटांवर मोजत होते. ती म्हणाली, "अदी, आज चाय में अदरक डालूँ?" मी म्हटलं, "घाला." आणि खडू हातात घेतला.